तिकीट काढण्याआधी आईला विचारलंत का?

वाचक मैत्रिणीचं पत्र, थोडक्यात:

तीन महिन्यांनी मी, नवरा, ११ वर्षांची मुलगी आणि ७१ वर्षांची माझी आई असे चौघं एका मोठ्या शहरात जाणार आहोत. विमानप्रवास लांबचा आहे. तिथलं संगीत सभागृह जगप्रसिद्ध आहे आणि आम्ही असू त्या आठवड्यात तिथे एक कार्यक्रम आहे. सुरुवातीला एक छोटी रचना आणि रॅखमॅनिनॉफ या रशियन संगीतकाराचा दुसरा पियानो कॉन्चेर्टो (पियानो आणि वाद्यवृंद यांची रचना), मध्यंतरानंतर चायकॉव्स्की या दुसऱ्या रशियन संगीतकाराची सहावी सिम्फनी, म्हणजे फक्त वाद्यवृंदाची मोठी रचना. आईला पियानो अतिशय आवडतो, घरी तासन्‌तास ऐकत बसते. पण तिचे गुडघे दुखतात, जिने झेपत नाहीत. डाव्या कानानं जवळजवळ ऐकू येत नाही, उजव्या कानात श्रवणयंत्र आहे. नवरा म्हणतो, "त्यांना त्यातलं काय कळणार? उगाच दमतील. त्या हॉटेलवर आराम करतील, आपण तिघं जाऊन येऊ." मला ते पटत नाही, पण भीतीही वाटते. आमच्यापैकी कुणीच असं सभागृह आतून पाहिलेलं नाही. कपडे काय घालायचे, टाळ्या कधी वाजवायच्या, यंत्राची शिट्टी वाजली किंवा आईला मध्येच उठावं लागलं तर लोक काय म्हणतील? न्यायचंच तर सगळ्यात महागडी, पहिल्या रांगेतली तिकिटं काढावीत, म्हणजे तिला नीट ऐकू येईल, असं मनात आहे. काय करू?

नमस्कार,

तुमच्या पत्रात तुमच्या यजमानांचं मत आहे, तुमची भीती आहे, शेजारच्या खुर्चीवरच्या अनोळखी माणसाला काय वाटेल याचाही अंदाज आहे. फक्त आईचं एकही वाक्य नाही. कार्यक्रम तिच्या आवडीच्या वाद्याचा, गुडघे तिचे, कान तिचे, आणि तिला यायचंय का हे तुम्ही अजून विचारलेलंच नाही, असं मला पत्रावरून वाटतं. तेव्हा सुरुवात तिथून करूया.

मात्र "आई, तू येशील का गं?" असं विचारू नका. या प्रश्नाचं उत्तर काय येईल ते तुम्हालाही ठाऊक आहे: "तुम्ही जा, माझ्यामुळे कशाला खोळंबा." आणि तो नकार समजून तुम्ही सुटकेचा निःश्वास टाकाल. ती तुमची सोय बघून बोलेल, तुम्ही तिची सोय बघितली असं समजाल, आणि पियानो राहून जाईल. त्याऐवजी तिला सगळा तपशील द्या. साधारण दोन तास बसायचं आहे, मध्ये वीसेक मिनिटांची विश्रांती आहे. पियानो मध्यंतराआधी आहे. लिफ्ट आहे की नाही, खुर्चीपर्यंत किती पायऱ्या आहेत, हे मी आधी विचारून घेईन. मध्यंतरात परत यावंसं वाटलं तर मी तुझ्याबरोबर निघेन. एवढं सांगून मग विचारा. एवढं ऐकूनही ती नको म्हणाली तर तो तिचा खरा नकार, आणि तो मानायचा. हो म्हणाली तर पुढचं सगळं वाचा.

आता "काय कळणार" याबद्दल. तुमच्या यजमानांच्या बोलण्यात दोन गोष्टी एकत्र झाल्या आहेत. त्या दमतील, ही काळजी खरी आहे आणि तिच्यावर उपाय आहेत. त्यांना कळणार नाही, हा मात्र अंदाज आहे, आणि मला तो मान्य नाही. या कॉन्चेर्टोमागची गोष्ट माहीत असलीच पाहिजे असं कुठेय? १८९७मध्ये रॅखमॅनिनॉफची पहिली सिम्फनी सपशेल पडली, त्यानंतर बराच काळ त्याच्या हातून नवं काही लिहून होईना, डॉ. निकोलाय डाल यांच्या उपचारांनी तो सावरला आणि ही रचना त्यानं त्यांनाच अर्पण केली. १९०१मध्ये ती पूर्ण स्वरूपात पहिल्यांदा वाजली. माहिती म्हणून छानच आहे. पण कॉन्चेर्टोची सुरुवात होते तेव्हा वाद्यवृंद गप्प असतो आणि एकटा पियानो हळूहळू चढत जाणारे, घंटेसारखे गंभीर स्वर वाजवत असतो. तासन्‌तास पियानो ऐकणाऱ्या बाईला त्या क्षणी कुणी काही समजावून सांगायची गरज नसते. उलट तुमच्या चौघांत सगळ्यात तयार कान तिचेच आहेत, एक कमकुवत असला तरी.

तुमच्या पत्रातली बहुतेक तयारी फजिती होऊ नये याची आहे. कपडे, टाळ्या, शिट्टी, लोक. समजू शकते; नव्या जागी जाताना असं होतंच, आणि मला येणाऱ्या कितीतरी पत्रांत हीच धास्ती असते. पण तयारीला लागणारा वेळ आणि पैसा आईला ऐकू येण्यासाठी खर्च करा. बाकीच्या गोष्टींना फार थोडी तयारी लागते.

सगळ्यात आधी पहिल्या रांगेचा विचार सोडून द्या. महाग जागा म्हणजे जास्त चांगलं ऐकू येणारी जागा, हे समीकरण अशा सभागृहांत बऱ्याचदा चुकतं. रंगमंच उंच असतो. पहिल्या रांगेतून पियानोचं पोट दिसतं आणि पुढच्या व्हायोलिनवाल्यांचे बूट. मागे बसलेले बासरी, क्लॅरिनेट, बासून, हॉर्नवाले दिसतच नाहीत आणि त्यांचा आवाज डोक्यावरून निघून जातो. जवळची चार व्हायोलिनं सुटी सुटी ऐकू येतात, वाद्यवृंद एकत्र ऐकू येत नाही. शिवाय दोन तास मान वर.

दुसऱ्या टोकाला, खूप मागची जागाही तिच्यासाठी नको. मोठी सभागृहं मुद्दाम घुमणारी बांधलेली असतात. चांगल्या सभागृहात आवाज थांबल्यावर त्याचा घुमारा विरायला साधारण दोन सेकंद लागतात. धडधाकट कानाला त्यानं संगीत भरदार वाटतं. कमकुवत कानाला मात्र वाद्याकडून थेट आलेला आवाज आणि भिंतींवरून परतलेला आवाज वेगळे करायला कष्ट पडतात. जितकं मागे जावं तितका थेट आवाजाचा वाटा कमी. त्यातही वरच्या बाल्कनीच्या छपराखाली, अगदी आत दडलेल्या रांगा टाळा. तिथे सभागृहाच्या उंच छतावरून येणारा आवाज अडतो आणि सगळं दबल्यासारखं ऐकू येतं. बसण्याच्या नकाशात बाल्कनीची पुढची कड कुठे येते ते बघा आणि त्या रेषेच्या पुढे राहा.

तुमच्या आईसाठी मी तळमजल्यावरची मधली किंवा मधल्याच्या थोडी पुढची रांग निवडेन, रंगमंचाकडे तोंड करून बसल्यावर जी डावी बाजू येते त्या बाजूची. कारणं दोन, आणि सुदैवानं दोन्ही एकाच दिशेला आहेत. पियानोचं झाकण प्रेक्षकांकडे उघडावं म्हणून पियानोवादक जवळजवळ नेहमी आपली उजवी बाजू प्रेक्षकांकडे करून बसतो, त्यामुळे त्याचे हात डावीकडच्या खुर्च्यांवरूनच दिसतात. आणि डावीकडे बसलं की रंगमंच आईच्या उजव्या हाताला, म्हणजे चालत्या कानाच्या बाजूला येतो. ज्यांच्या घरी उलटं आहे, डावा कान चांगला आहे, त्यांनी उजवी बाजू घ्यावी. हात दिसणार नाहीत, पण ऐकू येणं महत्त्वाचं. फार टोकाला, भिंतीशी जाऊ नका, तिथून वादकाची नुसती पाठ दिसते.

आणि जागा रांगेच्या कडेची हवी. आईला रांगेच्या डाव्या टोकाला, मोकळ्या वाटेला लागून बसवा, तुम्ही तिच्या उजवीकडे. पाय थोडा बाहेर ताणता येईल, उठावं लागलं तर कुणाला ओलांडावं लागणार नाही, आणि मध्यंतरात तुम्ही बोलाल ते तिच्या चांगल्या कानाशी बोलाल. काही सभागृहांत मधली वाटच नसते, एका रांगेत चाळीस-पन्नास खुर्च्या सलग असतात. तिथे मधली जागा मिळाली तर गुडघेदुखीच्या माणसाला ती शिक्षाच.

सभागृहाचा आकारही जाता जाता बघून ठेवा, कारण त्यावर बरंच ठरतं. व्हिएन्नाचं म्युझिकफेराइन १८७०चं. लांबी जवळपास ४९ मीटर आणि रुंदी अवघी १९, एखाद्या लांबट पेटीसारखं. बॉस्टनचं सिम्फनी हॉल (१९००) आणि ॲमस्टरडॅमचं कॉन्सर्टगेबाउ (१८८८) त्याच घराण्यातली. अशा जुन्या इमारती बांधताना लिफ्टचा विचार नव्हता. लिफ्ट नंतर बसवलेली असते आणि ती प्रत्येक मजल्यावर थांबेलच असं नाही. १९६३च्या बर्लिन फिलहार्मोनीपासून दुसरा प्रकार रुळला: वाद्यवृंद जवळजवळ मध्यभागी आणि प्रेक्षक चहूबाजूंनी, उतरत्या मळ्यासारख्या टप्प्याटप्प्यांवर. हॅम्बुर्गच्या एल्बफिलहार्मोनीत (२०१७) २१०० खुर्च्या आहेत, तरी कुठलीही खुर्ची वाद्यवृंदाला हातांनी इशारे देणाऱ्या कंडक्टरपासून ३० मीटरपेक्षा लांब नाही. अशा ठिकाणी अंतराची चिंता कमी, पण टप्पे म्हटले की पायऱ्या आल्या. म्हणून सभागृहात फोन करून "लिफ्ट आहे का?" एवढंच विचारू नका. "रस्त्यापासून या खुर्चीपर्यंत एकूण किती पायऱ्या चढायच्या-उतरायच्या आहेत आणि कठडा आहे का?" असं विचारा. पहिल्या प्रश्नाला हो म्हणणारी माणसं दुसऱ्या प्रश्नाला थांबून, विचारून उत्तर देतात.

चाकाच्या खुर्चीवर असणाऱ्यांसाठीच्या जागा मोजक्या असतात आणि पुष्कळदा त्या वेबसाइटवर दिसत नाहीत, फोनवरच मिळतात. सोबत्याला काही ठिकाणी सवलतही असते. ज्यांना उंचीवर गरगरतं त्यांनी सगळ्यात वरच्या बाल्कनीच्या वाटेला जाऊ नये. तिचा उतार अंगावर येतो. तिथला आवाज अनेकदा सुंदर असतो, हेही खरं. पाय आणि डोकं शाबूत असलेल्यांनी पैसे वाचवायचे तर तिथेच.

आता श्रवणयंत्र. हा भाग नीट वाचा, कारण संध्याकाळ यावर अवलंबून आहे.

श्रवणयंत्रं मुख्यतः बोलणं ऐकण्यासाठी जुळवलेली असतात. हळू आवाज ती मोठा करतात, मोठा आवाज दाबतात, एकसारखा चालू असलेला आवाज गोंगाट समजून कमी करतात. बोलण्यासाठी हे उत्तम. संगीतात मात्र हळू आणि मोठा यांतला फरक हाच जीव असतो, तो सपाट होतो. बासरीचा लांब, स्वच्छ स्वर लागला की काही यंत्रं त्याला स्वतःचीच शिट्टी समजतात आणि तो कापायला बघतात, मग स्वर थरथरतो. म्हणून बऱ्याच यंत्रांत संगीतासाठी वेगळा प्रोग्रॅम असतो किंवा घालता येतो. निघण्याच्या महिनाभर आधी आईला तिच्या ऑडिओलॉजिस्टकडे (श्रवणतज्ज्ञाकडे) न्या आणि सांगा, "मोठ्या सभागृहात, माईकशिवाय वाजणारा वाद्यवृंद ऐकायचा आहे." यंत्राचं बसणं आणि कानातला मळ त्याच भेटीत तपासून घ्या. मग घरी स्पीकरवर हीच रचना लावून तिला तो प्रोग्रॅम वापरू द्या. बदल हवा असेल तर दुसऱ्या भेटीसाठी वेळ हातात राहतो.

शिट्टीची तुम्हाला जी भीती आहे तिचं बहुतेक उत्तर त्याच भेटीत मिळेल. यंत्र सैल बसलं, मळ साचला, किंवा कानाजवळ काही आलं की शिट्टी वाजते. सभागृहात गारवा असतो, म्हणून शाल जरूर न्या, पण ती कानावरून घेऊ देऊ नका, आणि डोकं कुठे कानाच्या बाजूनं टेकलं जातंय का तेवढं बघा. गंमत अशी की शिट्टी इतक्या उंच पट्टीत असते की ती वाजते तेव्हा आईला स्वतःला ऐकू न येण्याचीच शक्यता जास्त. तेव्हा खूण आधी ठरवा: तुम्ही तिच्या मनगटाला हात लावला की तिनं यंत्र जरा दाबून बसवायचं. कुजबुजायची वेळ येणार नाही. बॅटरी नवी घाला किंवा यंत्र दुपारीच पूर्ण चार्ज करा, नाहीतर बॅटरी संपत आल्याचा इशारा नेमका संथ भागात तिच्या कानात वाजेल. यंत्र फोनला जोडलेलं असेल तर फोन पूर्ण बंद करा.

अनेक सभागृहांत ऐकायला मदत करणारी यंत्रणा असते. कानाचं चिन्ह लावलेलं असतं. काही ठिकाणी ती श्रवणयंत्रातल्या टी-कॉइलला (असा आवाज बिनतारी पकडणाऱ्या छोट्या गुंडाळीला) थेट आवाज पोचवते, काही ठिकाणी गळ्यात अडकवायचं साधन देतात. कार्यक्रमाआधी व्याख्यान असेल तर ती फार उपयोगी. संगीतासाठी काहींना आवडते, काहींना माईकमधून आलेला आवाज कृत्रिम वाटतो. मागून घ्यावी, सुरुवातीला करून बघावी, नाही आवडली तर बंद करावी.

आणखी एक गोष्ट फक्त मध्यंतरानंतरच्या चार भागांच्या सिम्फनीपुरती, पण विसरू नका. पहिल्या भागाच्या मध्यात आवाज उतरत उतरत इतका बारीक होतो की चायकॉव्स्कीनं तिथे 'पी' हे हळू वाजवायचं चिन्ह एकापुढे एक सहा वेळा लिहिलं आहे. आईला वाटेल यंत्र बंद पडलं, आणि तिचा हात आवाज वाढवायला जाईल. आणि पुढच्याच क्षणी अख्खा वाद्यवृंद एकदम कोसळतो. वाढवलेल्या यंत्रावर तो आघात दुखेल इतका बसू शकतो. घरी ही जागा तिला ऐकवून ठेवा. मग त्या शांततेत ती हात मांडीवर ठेवून थांबेल, आणि पुढच्या स्फोटाची वाट बघण्यातही आनंद आहे.

लोकांबद्दल थोडं. १८९०च्या दशकात हार्वर्डमधल्या वॉलेस सॅबिन या भौतिकशास्त्रज्ञाला एका व्याख्यानगृहातला घुमारा कमी करायचं काम दिलं होतं. त्यानं नाट्यगृहातल्या गाद्या रात्री उचलून आणून आतमध्ये मांडल्या, काढल्या, पुन्हा मांडल्या, आणि कुठली वस्तू किती आवाज शोषते ते मोजलं. त्यात माणसंही आली. त्याच्याच हिशेबावर बॉस्टनचं सिम्फनी हॉल उभं राहिलं. तेव्हापासून अशी सभागृहं बांधताना भरलेल्या खुर्च्या धरूनच गणित मांडतात. रिकाम्या सभागृहाचा आवाज वेगळाच, तालीम ऐकणाऱ्यांना तो माहीत असतो. आईचं आणि तुमचं तिथे बसणं हे त्या आवाजाच्या जमेला धरलेलं आहे. परवानगी कुणाची मागायची?

कपडे: बहुतेक सभागृहांत कसलाही नियम नसतो. नीटनेटके, सळसळ न करणारे, आणि आईच्या पायात रोजची सवयीची चप्पल किंवा बूट. नवी पादत्राणं त्या दिवशी काढायची नाहीत.

टाळ्या: एका रचनेच्या दोन भागांच्या मधे वाजवत नाहीत, सगळी रचना संपल्यावरच. कंडक्टरचे हात बघायचे. दोन भागांमध्ये तो हात खाली आणतो पण अंगात ताण असतो, पाठ आपल्याकडेच असते. काम संपलं की तो सैल पडतो आणि वळतो. तेव्हा वाजवायच्या. ही शांत बसण्याची रीत काही अनादी नाही. मोझार्टनं १७७८मध्ये पॅरिसहून वडिलांना लिहिलं होतं की नव्या सिम्फनीच्या पहिल्या भागात, वादन चालू असतानाच लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि त्याला त्याचा मनापासून आनंद झाला होता. तुमच्या कार्यक्रमातल्या सिम्फनीचा तिसरा भाग एवढ्या दणक्यात संपतो की बऱ्याचदा कुणीतरी टाळ्या वाजवतंच. तुमच्या हातून वाजल्या तरी आकाश कोसळणार नाही. मात्र खरा शेवट त्यानंतर येतो, संथ, डबल बास या सगळ्यात मोठ्या तंतुवाद्याच्या खालच्या स्वरांत विरत जाणारा. १८९३च्या ऑक्टोबरमध्ये चायकॉव्स्कीनं स्वतः ही सिम्फनी पहिल्यांदा सादर केली आणि नऊ दिवसांनी तो गेला. तो शेवट आईच्या कानाला इतरांपेक्षा आधी संपलेला वाटेल. तिला सांगून ठेवा: ऐकू येईनासं झालं की हातांकडे बघ, हात खाली येईपर्यंत संपलं असं धरू नकोस.

तुमच्या यजमानांना आणि लेकीला कुठे बसवायचं? माझा आग्रह आहे, चौघांनी एका ओळीत बसू नका. सभागृहात वाद्यवृंदाच्या मागे खुर्च्या असतील आणि त्या विकत असतील तर बापलेकीसाठी त्या घ्या. गायकवृंद लागणाऱ्या रचनेला त्या जागा गायकांकडे जातात, पण तुमच्या कार्यक्रमात गायन नाही. तिथून पियानो फिका ऐकू येतो, झाकण उलट्या दिशेला उघडतं. म्हणून आई तिथे नको. पण ११ वर्षांच्या मुलीला तिथून कंडक्टरचा चेहरा दिसतो, टिंपनी हे मोठे नगारे हाताच्या अंतरावर असतात, हॉर्न छातीत घुमतात. मला स्वतःला सिम्फनी ऐकायला ती जागा फार प्रिय आहे. लेकीला दोन कामं द्या. सिम्फनीचा दुसरा भाग नाचासारखा डुलतो पण त्याच्या मात्रा पाच आहेत. तिनं मनात मोजून बघावं कुठे अडखळायला होतं. आणि शेवटच्या भागात टॅमटॅम ही टांगलेली मोठी धातूची थाळी फक्त एकदा, हलकेच वाजते. ती वाजवणारा माणूस किती वेळ वाट बघत बसतो ते शोधावं. वाद्यवृंदामागच्या या जागांची किंमतही सहसा कमी असते, तेव्हा आईच्या चांगल्या जागेचा खर्च तिथे भरून निघतो. लहान मुलांसाठी वयाची अट आहे का, ते मात्र तिकीट काढताना बघा.

दिवस ठरवताना विमानातून उतरल्यावरच्या पहिल्या दोन संध्याकाळी सोडा. घड्याळ बदललेलं असतं, आणि संध्याकाळी अंधाऱ्या, उबदार जागी संथ सुरू झालं की तरुणांचेही डोळे मिटतात. कार्यक्रमाच्या दिवशी आईला दुसरीकडे चालवू नका. दुपारी झोप, वेळेवर गोळ्या. सभागृहात पाऊण तास आधी पोचा. उशिरा येणाऱ्यांना दार उघडत नाहीत, दोन रचनांच्या मधेच सोडतात, आणि गुडघेदुखीच्या माणसाला घाईनं चालवण्यासारखी दुसरी वाईट सुरुवात नाही. स्वच्छतागृहात कार्यक्रमाआधीच जाऊन या. मध्यंतरात तिथे रांग असते आणि वीस मिनिटं त्यातच जातात. मध्यंतरात आईनं उभं राहावं, चार पावलं टाकावीत, म्हणजे पाय आखडणार नाहीत. संपल्यावर दोनेक हजार माणसं एकदम बाहेर पडतात. तुम्ही दहा मिनिटं बसून राहा. बाहेर पडायचं दार आणि गाडी बोलवायची जागा दिवसाउजेडी बघून ठेवली तर उत्तम.

मध्यंतरात निघून जाण्याबद्दल मला तुमच्याशी थोडं स्पष्ट बोलायचं आहे. तिकिटाचे पैसे दिलेत म्हणून आईनं शेवटपर्यंत बसलंच पाहिजे, असं तिला जाणवू देऊ नका. ती बोलणार नाही, दुखणं गिळून बसेल, आणि मग तो शेवटचा पाऊण तास तिच्या लक्षात गुडघा म्हणून राहील. तिचा पियानो मध्यंतराआधी संपलेला असेल. तिची संध्याकाळ तेव्हाच पूर्ण झाली असं धरा. राहिली तर सिम्फनी अधिकची. कोण तिच्याबरोबर परत जाईल हे आदल्या दिवशीच ठरवा, आणि तिच्यासमोर ठरवा, म्हणजे तिथे कुणाचा तरी विरस करतोय असं तिला वाटणार नाही. त्यासाठी पुढे येण्याची संधी तुमच्या यजमानांनाही द्या. त्यांच्या काळजीला हे चांगलं काम आहे.

दोन तास तिला खरंच जास्त वाटले तर संध्याकाळचा मोठा कार्यक्रम हा एकच मार्ग नाही. पुष्कळ सभागृहांत दुपारचे छोटे कार्यक्रम असतात. ॲमस्टरडॅमचं कॉन्सर्टगेबाउ आणि बर्लिन फिलहार्मोनी इथल्या दुपारच्या मोफत मैफली प्रसिद्ध आहेत. काही वाद्यवृंद तालमी लोकांना खुल्या करतात. काही ठिकाणी दिवसा इमारत फिरवून दाखवतात, पण त्यात चालणं आणि जिने भरपूर, तेव्हा ते आईसाठी नाही. तुमच्या आठवड्यात छोट्या दालनात एकट्या पियानोचा कार्यक्रम असेल तर तो मोठ्या वाद्यवृंदापेक्षाही तिच्या कानाला सोपा जाईल. दोन्ही पर्याय तिच्यापुढे ठेवा.

तिकीट सभागृहाच्या स्वतःच्या वेबसाइटवरूनच किंवा तिकीट खिडकीतून घ्या. शोधल्यावर सगळ्यात वर येणारी पानं बऱ्याचदा फेरविक्री करणाऱ्यांच्या जाहिराती असतात. नाव आणि रंग तसेच, किंमत वाढीव, आणि खुर्ची कुठली ते शेवटपर्यंत सांगत नाहीत. तुम्हाला तर नेमकी खुर्चीच महत्त्वाची आहे. 'दृश्य मर्यादित' असं लिहिलेलं असेल तर समोर खांब आहे की कठडा, हे विचारा. कान महत्त्वाचा असलेल्या माणसाला कठडा चालून जाईल, पण आईला वादकाचे हात बघायचे असतील तर नाही. सगळं विकलं गेलंय असं दिसलं तरी तिकीट खिडकीला फोन करा. परत आलेली तिकिटं कार्यक्रमाच्या आठवड्यात, अगदी त्या दिवशीही निघतात. पण रांगेच्या कडेच्या, पायऱ्या नसलेल्या जागा अशा शेवटच्या क्षणी क्वचितच मिळतात. तीन महिने हातात आहेत, तेव्हा आईशी बोलणं या आठवड्यात आणि फोन पुढच्या आठवड्यात.